शेवटचे पाचशे मैल: वल्ह्याच्या होडीतून अटलांटिक संपवताना

वल्हवणारा माणूस जिथं जायचंय तिकडे पाठ करून बसतो. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडताना रोजचा सूर्योदय त्याच्या तोंडासमोर होतो, आणि ज्या बेटासाठी एवढा खटाटोप केला ते मानेमागून येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या निम्म्या सूचनांचं मूळ त्यात आहे. शेवटच्या टप्प्यात महत्त्वाचं जे काही घडतं, ते पाठीमागे घडतं.

वाट कॅनरी बेटांतल्या ला गोमेराहून कॅरिबियनमधल्या अँटिग्वाची, सुमारे ४,८०० किलोमीटर. बहुतेक होड्या डिसेंबरात निघतात, म्हणजे व्यापारी वारे पाठीशी मिळतात. मी आणि माझा मावसभाऊ २४ फुटी होडीतून गेलो. दोन तास त्यानं वल्हवायचं, दोन तास मी, रात्रंदिवस. निघण्याआधी काय तयारी करावी यावर लिहिलेलं भरपूर सापडतं, शेवटाबद्दल मात्र फारसं कोणी सांगत नाही. आमच्या सगळ्यात मोठ्या चुका शेवटच्या आठ-दहा दिवसांतच झाल्या. पुढे जिथं मैल म्हणेन तिथं सागरी मैल समजा, म्हणजे १.८५२ किलोमीटर.

पाचशे मैल बाकी: सगळं बाहेर काढून मोजा

दिवसाला पन्नास-साठ मैल धरले तर हे आठ ते दहा दिवस झाले. एक बऱ्यापैकी शांत दुपार निवडा आणि प्रत्येक कप्पा उघडून मोजदाद करा. एका वेळी एकच कप्पा उघडायचा, आणि तो बंद केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. होडी उलटली तर ती आपोआप सरळ होते ती बंद केबिनमधल्या हवेच्या जोरावर. झाकण उघडं असेल तर ती सरळ होईलच असं नाही. पहिल्या आठवड्यात हा नियम सगळे पाळतात. पन्नासाव्या दिवशी केबिनमध्ये उकडतं म्हणून झाकण फटीएवढं उघडं राहायला लागतं. आमचंही राहत होतं.

जेवणाची पाकिटं मोजताना दिवसांच्या हिशोबात किमान पाच दिवस जास्तीचे धरा. वारा उलटला तर पॅरा-अँकर (होडी रोखून धरणारी, पाण्यात सोडायची छत्री) टाकून दोन-तीन दिवस एका जागी पडून राहावं लागतं, आणि त्या दिवसांतही भूक लागतेच. पाकिटं पुरेशी दिसली तर मात्र कंजुषी करू नका. रोज पाच हजार कॅलरी पोटात जायला हव्यात, आणि या सुमाराला तेच ते जेवण नकोसं झालेलं असतं. गोड पाकिटांचा वास आला तरी मला मळमळायचं. कामाला आलं ते मेतकूट. तयार भाताच्या पाकिटात दोन चमचे मेतकूट आणि चमचाभर तूप, बस्स. चॉकलेट या उन्हात वितळून कागदाला चिकटतं. तिळाचे लाडू तसे राहत नाहीत, आणि शंभर ग्रॅममागे पाचेकशे कॅलरी देतात. संक्रांत समुद्रावरच येते, त्यामुळे आईनं डबा दिलाच होता. चिक्की न्यायची तर हवा काढून सीलबंद करून न्या, नाहीतर दमट हवेत तिचा चिखल होतो.

गॅसची डबडी मोजा. एखादं हलवून 'आहे अजून' म्हणण्यापेक्षा वजनकाटा ठेवलेला बरा. औषधांच्या पेटीत प्रतिजैविकं किती उरलीत आणि कोणती, हे दोघांनाही माहीत हवं.

मग बैठकीची चाकं. सरकत्या बैठकीच्या चार चाकांतले बेअरिंग खाऱ्या पाण्यानं हळूहळू गंजत जातात आणि नेमके शेवटी एकामागून एक मान टाकतात. आमच्याकडे सुटी चाकं सहा होती, त्यातली पाच संपली. सहावं बसवताना भाऊ म्हणाला, "दादा, हे गेलं तर तुझ्या मांडीवर बसून वल्हवणार मी." रोज पाळी बदलताना रूळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसला असता तर निम्मी तरी वाचली असती.

होडीचं पोट खरवडणं

शेवटच्या हजार मैलांत वेग अर्धा नॉट (तासाला अर्धा सागरी मैल) कमी झाला की माणूस स्वतःला दोष देतो. दोष बहुतेक वेळा खाली चिकटलेल्या बार्नॅकलचा असतो. रबरासारख्या देठावर पांढरे शिंपले, बोटाएवढे लांब, झुपक्याझुपक्यानं. पोटाला हात लावला तर दाढी वाढलेल्या गालासारखं लागतं. शेवटचं खरवडणं साधारण चारशे-पाचशे मैलांवर उरका. त्यानंतर बेटांजवळची रहदारी सुरू होते आणि पाण्यात उतरायला नको वाटतं.

लाट मोठी नसलेला दिवस बघा, कारण वरखाली होणारी होडी डोक्यात बसली तर बेशुद्ध करते. पॅरा-अँकर टाकलेला असेल तर होडी कमी सरकते. एकजण पाण्यात, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक होडीच्या कडीला. दुसरा वर उभा, नजर पाण्यावर, हातात काही काम नाही. चहासुद्धा नाही. खरवडायला प्लास्टिकची पट्टी वापरा, लोखंडी पातं रंगाखालच्या थराला चरे पाडतं. सुकाणू आणि त्याच्या फटी विसरू नका. सगळं मिळून वीसेक मिनिटांचं काम आहे. वर येताना हात साथ देत नाहीत, म्हणून दोराची पायरी आधीच सोडून ठेवा. आम्ही ती सोडली नव्हती, आणि भावानं मला काखेत धरून पोत्यासारखं ओढून घेतलं.

पाणी आणि वीज

समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र हा या प्रवासाचा प्राण. तासाला तीसेक लिटर देणाऱ्या यंत्राला बारा व्होल्टवर साधारण आठ-नऊ अँपियर लागतात, म्हणून ते भर दुपारी, सोलर पॅनल जोरात असताना चालवायचं. शेवटच्या टप्प्यात एक गोष्ट बदलते: किनारा जवळ येतो तसं पाणी घाण होतं. सरगॅसम नावाचं सोनेरी-तपकिरी शेवाळ २०११ पासून या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर तरंगायला लागलंय. त्याचे तुकडे गाळणीत अडकतात. बेटाजवळ तेलाचा तवंग आणि गाळही असतो, आणि तेल आत गेलं तर यंत्राचा पडदा कायमचा जातो. म्हणून शंभर मैलांच्या आत शिरण्यापूर्वी असतील नसतील तेवढ्या पिशव्या आणि कॅन भरून घ्या, दोघांना तीन दिवस पुरेल एवढं. बंदराच्या तोंडाशी यंत्र चालवायचं नाही.

विजेचं असं, की शेवटच्या दोन रात्री नेहमीपेक्षा जास्त लागते. दिवे, रेडिओ, नकाशाचा पडदा, जहाजांना आपण दिसावं म्हणून एआयएस (आपलं ठिकाण रेडिओवरून कळवणारं यंत्र), आणि घरच्यांचे फोन. दुपारी पाणी आधीच बनवून झालं असेल तर सगळा प्रकाश बॅटरीत जातो. तरीही आकडा खाली आला तर पहिला बंद करायचा तो ऑटोपायलट. पायानं सुकाणू धरायचे दोर तयार ठेवा आणि एक पाळी त्यावर वल्हवून बघा. सरगॅसमचा गठ्ठा सुकाणूत अडकला की ऑटोपायलटची मोटर कण्हायला लागते, पट्टा तुटतो आणि सुटा पट्टा शोधताना रात्र जाते. शेवाळाच्या पट्ट्यांतून जाताना दर पाळीला एकदा मागे वाकून सुकाणू हातानं मोकळं करा, हार्नेस लावून.

कातडी

थोडक्यात सांगतो, कारण विषय सुखाचा नाही. बसायच्या जागेवर मिठाचे फोड येतात, ते फुटतात, परत येतात. उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक पाळीनंतर गोड्या पाण्यानं पुसणं, पूर्ण कोरडं होऊ देणं, जस्ताचं मलम, आणि केबिनमध्ये शक्य तितकं उघडं झोपणं. संपत आलंय म्हणून हे सोडणारे शेवटच्या आठवड्यात आजारी पडतात. फोडाभोवती लाली पसरायला लागली, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला तर वाट बघू नका, सॅटेलाइट फोनवरून डॉक्टरला गाठा. हाताची बोटं सकाळी आकड्यासारखी वळलेली राहतात. ती जबरदस्तीनं सरळ करू नका, वल्ह्यावर दहा मिनिटांत सुटतात.

तीनशे मैल बाकी: अक्षांशाचा हिशोब

आता खऱ्या विषयाकडे येतो. बाकीचं सगळं चुकलं तरी निभावतं, हे चुकलं तर दुसरा कोणी तरी तुम्हाला ओढून नेतो. आणि ओढून नेलेली होडी स्वबळावर पोचली असं कोणी धरत नाही.

अँटिग्वा जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद. जिथं पोचायचं ते इंग्लिश हार्बर बंदर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, साधारण १७ अंश उत्तर आणि ६१ अंश ४६ मिनिटं पश्चिम. वल्ह्याची होडी वाऱ्याविरुद्ध जात नाही. केबिनच्या भिंती शिडासारखं काम करतात, हवेत पंचवीस नॉट असतील तर दोघं मिळूनही मागे फिरता येत नाही. बेट चुकलं तर पुढे मोकळं कॅरिबियन.

वारा बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येकडून येतो. म्हणजे काहीच केलं नाही तर होडी आपसूक पश्चिम-नैर्ऋत्येला ढकलली जाते. वाऱ्याबरोबर गेलं की लाटेवर घसरायला मिळतं, वेग वाढतो आणि संध्याकाळी घरी कळवायला मोठा आकडा मिळतो. आमचं नेमकं हेच झालं. सत्तावन्न रेखांशावर, म्हणजे पावणेतीनशे मैल उरले असताना, आम्ही १६ अंश ४६ मिनिटांवर होतो, लक्ष्याच्या १४ मैल दक्षिणेला. भाऊ म्हणाला, "दादा, आतापासून वर काढायला हवं." मी म्हणालो, बघू उद्या. त्या दिवशी ६८ मैल झाले होते आणि मला तो आकडा सोडवत नव्हता.

गणित शाळेतलं आहे. पंधरा मैल दक्षिणेला असाल आणि तीनशे मैल बाकी असतील तर होडीचं तोंड फक्त तीन अंश उत्तरेकडे वळवावं लागतं. हातालाही ते जाणवत नाही. तेच पंधरा मैल तीस मैल उरले असताना भरून काढायचे तर सत्तावीस अंश लागतात. आडवी लाट कुशीवर घेत, दर तिसऱ्या फटक्याला एक वल्हं हवेत. आणि वारा ईशान्येला सरकला तर तेही जमत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा समुद्रावरचा नमुना.

म्हणून तीनशे मैलांपासून असं करा. रोज एका ठरलेल्या वेळी अक्षांश, रेखांश आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा. पडद्यावर नाही, वहीत, पेन्सिलीनं. आजचा आकडा कालच्या खाली आला की उतार दिसतो. इथं अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक मैल, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. वारा पूर्वेकडून किंवा पूर्व-आग्नेयेकडून आला की त्या दिवशी मैलांचा मोह सोडून उत्तर कमवा. असे दिवस थोडे येतात आणि ते वाया घालवू नयेत. आम्हाला नंतर असा दीड दिवस मिळाला, निव्वळ नशिबानं, आणि त्यात अकरा मैल परत मिळाले. तो दीड दिवस आला नसता तर आम्ही दक्षिणेकडच्या ग्वादलूप बेटाची वाट धरली असती.

उत्तर शिल्लक असणं चांगलं, पण ती शिल्लक खर्चायचीही असते. बेटाचा पूर्व किनारा खडकांचा आणि प्रवाळांचा आहे, आणि वारा तुम्हाला सरळ त्यावर ढकलत असतो. वीस मैलांवर असताना १७ अंशांच्या चार-पाच मिनिटं वर असलेलं बरं. दहा मैलांवर येईपर्यंत ते खर्चून दक्षिण टोकाच्या बाहेरून जाणारी रेषा धरायची. नकाशावर केप शर्लीच्या, म्हणजे बेटाच्या आग्नेय टोकाच्या, पूर्वेला काही मैल एक खूण ठरवा आणि बेटाऐवजी तिचा नेम धरा.

हा महासागर आधीही लोकांनी वल्हवून ओलांडलाय. १९६६ मध्ये जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ अमेरिकेतल्या केप कॉडहून निघून ९२ दिवसांनी आयर्लंडच्या अरान बेटांवर लागले. त्याच वर्षी त्याच महासागरात निघालेले डेव्हिड जॉन्स्टन आणि जॉन होअर परत आले नाहीत, त्यांची होडी 'पफिन' उलटलेली सापडली. १८९६ मध्ये हार्बो आणि सॅम्युएलसन हे दोन नॉर्वेजियन अठरा फुटी उघड्या होडीतून न्यूयॉर्कहून इंग्लंडजवळच्या सिली बेटांना ५५ दिवसांत पोचले, जीपीएस वगैरे काही नसताना. आपल्याकडचं अलीकडचं नाव अनन्या प्रसाद. बंगळुरूत जन्मलेली ही मुलगी एकटीनं ५२ दिवसांत, ३१ जानेवारी २०२५ ला, अँटिग्वाला लागली. एकट्या माणसाला अक्षांश राखणं दोघांपेक्षा कितीतरी अवघड, कारण तो झोपलेला असताना वारा काम करत राहतो.

शंभर मैल बाकी: आता तुम्ही एकटे नाही

आठवडेच्या आठवडे एकही जहाज न दिसल्यामुळे नजर मंदावलेली असते. बेटांच्या जवळ शिडाच्या बोटी, मालवाहू जहाजं, प्रवासी जहाजं, मासेमारीच्या लहान बोटी, आणि रात्री दिवा नसलेले बोये. मोठी जहाजं एआयएसवर दिसतात, लहान बोटी बहुधा नाहीत. रेडिओवर ऐकत राहायचं ते चॅनल १६. जहाज जवळ येतंय असं वाटलं तर त्याचं नाव घेऊन हाक मारा आणि तीन गोष्टी सांगा: आपण वल्ह्याची होडी आहोत, आपलं ठिकाण कुठं, आणि आपल्याला पटकन दिशा बदलता येत नाही. हे वाक्य इंग्रजीत कागदावर लिहून केबिनच्या दाराशी चिकटवा. झोपेतून उठलेल्या डोक्याला ते आठवत नाही. मी एकदा मराठीत सुरुवात केली होती.

पाठीमागे बघायची शिस्त इथं लावा. दर दहा मिनिटांनी वल्हवणाऱ्यानं पूर्ण वळून बघायचं, नुसती मान तिरकी करून नाही. चष्म्याला अडकवायचा लहान आरसा सायकलवाले वापरतात, तो दिवसा उपयोगी पडतो.

काळ्या ढगांच्या सरी या भागात रात्री जास्त येतात. समोरचे तारे खालून पुसले जायला लागले की पाचेक मिनिटं हातात असतात. वारा अचानक दुप्पट होतो आणि दिशाही बदलतो. वल्ही आत ओढून बांधा किंवा वाऱ्याबरोबर होडी धरून ठेवा, पायाचा पट्टा तपासा, झाकण बंद. वीस मिनिटांत संपतं. सर दिवसा आली तर साबण काढा.

पाळ्या बदलू नका. 'आता थोडंच राहिलंय, तीन-तीन तास करू' ही कल्पना प्रत्येक होडीत निघते. तिसऱ्या तासाला वेग पडतो आणि झोप मोडलेली ती मोडलेलीच राहते. दोघांनी एकत्र वल्हवायचं असेल तर ते शेवटच्या सकाळी.

घरच्यांना पोचायची तारीख सांगताना तीन दिवसांची खिडकी सांगा. आमच्या होडीचं घड्याळ ला गोमेराचंच होतं, म्हणजे ग्रीनिच वेळेचं, आणि त्यात उजाडायला सकाळचे साडेदहा वाजत. अँटिग्वा ग्रीनिचच्या चार तास मागे, भारत साडेपाच तास पुढे. तिथली दुपार म्हणजे पुण्यातले रात्रीचे साडेनऊ. आई रोज झोपायच्या आधी फोनची वाट बघायची, आणि मी एकदा 'बहुतेक रविवारी' असं बोलून गेलो. आम्ही लागलो बुधवारी. मधले तीन दिवस तिनं काय केलं असेल ते मला विचारवलं नाही.

वीस मैल बाकी: जमीन

अँटिग्वाचं सगळ्यात उंच टोक, बॉगी पीक, ४०२ मीटर. हिशोबानं ते चाळीस मैलांवरून दिसायला हवं, पण धुरकट हवेत बऱ्याचदा वीस-पंचवीस मैलांपर्यंत काही दिसत नाही. रात्री दिव्यांची झळाळी आधी दिसते. ढगाच्या पोटाला खालून लागलेला फिकट पिवळा रंग, जो पहाटे विरून जातो. मी वल्ह्यावर होतो, त्यामुळे पाहिली ती भावानं, केबिनमधून डोकं बाहेर काढून. "दादा, चंद्र उगवायचाय का अजून?" चंद्र आमच्या तोंडासमोर, पूर्वेला, उगवला असता. तो बघत होता पश्चिमेला.

इथं एक निर्णय घ्यायचा असतो: रात्री आत शिरायचं की थांबायचं. होडी थकलेली, माणसं थकलेली, आणि बंदराचं तोंड अरुंद. बंदरात कोणी मार्ग दाखवायला येणार असेल तर रात्री चालतं. एरवी उजाडेपर्यंत बाहेर राहा. त्यासाठी पॅरा-अँकर टाकायचा तर वीस मैलांच्या अलीकडेच, कारण तो टाकल्यावरही होडी हळूहळू बेटाकडे सरकत राहते. अँटिग्वा आणि शेजारचं बार्बुडा बेट एकाच उथळ पठारावर बसलेत. हजारो मीटरचा समुद्र त्या कडेला अचानक शंभर मीटरच्याही आत येतो आणि लाट उभी राहते. त्या कडेवर पॅरा-अँकर टाकून पडून राहायला जागा नाही.

या शेवटच्या रात्री भास होतात, त्याची कल्पना असू द्या. मला दोन वेळा कोणी तरी पायऱ्या झाडत असल्याचा आवाज आला. असं काही ऐकू आलं तर लाजू नका, जोडीदाराला सांगा आणि काही तरी खा.

शेवटचे दोन मैल

केप शर्ली ओलांडलं की उजवीकडे वळायचं, आणि दोन महिने पाठीवर घेतलेली लाट आता कुशीवर येते. होडी उलटण्याचा धोका इथं असतो, हात हलवणाऱ्या लोकांच्या डोळ्यांसमोर. दोन्ही केबिन बंद, पट्टे बांधलेले, वल्हं कधीही सोडायचं नाही. शर्ली हाइट्सच्या कड्यांखाली लाट कमी होते पण वरून वाऱ्याचे झोत पडतात.

बंदरातल्या खुणांबद्दल एक जपून सांगायची गोष्ट. कॅनरीत आणि आपल्या कोकणातही आत शिरताना लाल खूण डावीकडे ठेवतात. कॅरिबियनमध्ये उलटं आहे: आत येताना लाल उजवीकडे. आणि वल्हवणारा पाठमोरा, म्हणजे होडीच्या उजवीकडची लाल खूण त्याच्या डाव्या हाताला. थकलेल्या डोक्यानं हे उलटसुलट करत बसू नये. दोघांपैकी एकानं तोंड पुढे करून उभं राहावं आणि 'डावं', 'उजवं' असं न म्हणता 'गावाकडचं वल्हं', 'समुद्राकडचं वल्हं' असं ओरडावं. आम्ही तसंच केलं. आत जाताना डाव्या टोकावर फोर्ट बर्कले, उजवीकडे पिलर्स ऑफ हर्क्युलिस म्हणतात ते उभे खडक. आत नेल्सन्स डॉकयार्ड, २०१६ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं.

हातात पेटता लाल फ्लेअर धरलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. लाल फ्लेअर ही संकटाची खूण आहे, त्यामुळे बंदराला कळवल्याशिवाय आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पेटवू नका. पेटवलाच तर जाड हातमोजा, हात वाऱ्याच्या खालच्या अंगाला होडीबाहेर. त्यातून वितळलेले थेंब गळतात आणि होडीचा पत्रा काही पोलादी नसतो.

धक्क्याला लागल्यावर

उडी मारू नका. दोन महिन्यांत पोटऱ्या जवळजवळ गेलेल्या असतात आणि जमीन हलते. दोन बाजूंना दोन माणसं असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, उभे राहिलात तरी गुडघे सैल ठेवा. दहा किलो वजन उतरणं इथं सर्रास आहे. पहिलं जेवण लोक हातात आणून देतात, ते अर्धंच खा. मी पूर्ण खाल्लं आणि संध्याकाळ वाया गेली.

बाहेरच्या देशातून आल्याची पिवळी पताका लावलेली असावी, आणि कस्टम, इमिग्रेशन त्याच दिवशी. पासपोर्ट वॉटरप्रूफ पिशवीत, पण पकड-पिशवीच्या (संकटात पहिली उचलायची पिशवी) वरच्या खणात, तळाशी नव्हे. भारतीय पासपोर्ट असेल तर दोन गोष्टी ला गोमेराहून निघण्यापूर्वीच झालेल्या हव्यात: अँटिग्वाच्या व्हिसाची सोय, आणि शेंगेनमधून (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांतून) बाहेर पडल्याची नोंद. समुद्रावर घालवलेले दोन महिने कागदावर युरोपात घालवल्यासारखे दिसले तर पुढच्या वेळी समजावत बसावं लागतं.

होडी त्याच दिवशी रिकामी करायची नसते, पण तिसऱ्या दिवसाच्या पुढे ढकलू नका. बंद केबिन उन्हात तापते आणि ओल्या गाद्यांना बुरशी धरते. झाकणं उघडी टाका, हे आता चालतं. बॅटऱ्या लिथियमच्या असतील तर जहाजानं होडी परत पाठवणाऱ्याला तसं आधी सांगा. उरलेली गॅसची डबडी कंटेनरमध्ये घेत नाहीत. ती शेजारी नांगरलेल्या शिडाच्या बोटींवर विचारून देऊन टाका, त्यांना ती हवी असतात. आमची चार उरली होती. शेजारच्या बोटीवरच्या बाईंनी ती घेतली आणि बदल्यात एक अख्खं कलिंगड दिलं, फ्रिजमधलं.